सँडविच मेकर नसताना तव्यावर कुरकुरीत टोस्ट सँडविच : ब्रेड निवडण्यापासून डब्यात भरेपर्यंत

टोस्ट सँडविचसाठी सँडविच मेकर लागतोच असं नाही. जाड तवा, सपाट बुडाचं एखादं पातेलं आणि सात-आठ मिनिटं गॅसपाशी उभं राहण्याची तयारी, एवढ्यावर उत्तम सँडविच होतं. माझं तर ठाम मत आहे की नीट केलेलं तव्यावरचं सँडविच छोट्या विजेच्या यंत्रातल्यापेक्षा सरस लागतं. यंत्राचं झाकण लावलं की वाफ आत कोंडते, आच आपल्या हातात राहत नाही आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. तव्यावर रंग दिसतो, वास येतो, आच हवी तशी कमी-जास्त करता येते.

पुण्यात खोली करून राहणाऱ्या मुलामुलींकडे बहुतेक वेळा एक इंडक्शन शेगडी, एक तवा आणि दोन पातेली एवढाच संसार असतो. घरातही ओटा लहान असतो, आणि महिन्यातून दोनदा लागणारं यंत्र माळ्यावर जाऊन बसतं. म्हणून खाली जे सांगितलंय ते रोजच्या भांड्यांत जमेल असंच आहे. प्रमाण चार सँडविचचं, म्हणजे आठ स्लाइसचं.

सगळा खेळ पाण्याचा

कृतीआधी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं सगळं आपोआप सुचत जाईल. ब्रेडच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. ब्रेडच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो भाग याच्या फार वर तापत नाही. ते उडून गेलं की तापमान चढतं आणि १४० अंशांच्या पुढे तो सोनेरी, मग तपकिरी व्हायला लागतो. प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या ज्या क्रियेमुळे हा रंग आणि खमंग वास येतो, तिचा अभ्यास लुई कामी माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडला, म्हणून तिला माइयार अभिक्रिया म्हणतात. भाकरीच्या पापुद्र्याला आणि कांद्याच्या फोडणीला येणारा खमंगपणा बराचसा हिचाच.

याचा अर्थ असा की कुरकुरीत होणं म्हणजे पाणी बाहेर जाणं. मोठ्या आचेवर वरचा थर पाणी जायच्या आत करपतो आणि आतला भाग ओलाच राहतो. अशा सँडविचचा कुरकुरीतपणा ताटात येईपर्यंत संपतो. आतलं सारण पाणी सोडत असेल तर बाहेरून कितीही भाजा, उपयोग नाही. पुढची प्रत्येक पायरी पाणी कुठून येतं आणि कुठून जातं यावरच बेतलेली आहे.

ब्रेड

आज सकाळी आणलेला मऊ ब्रेड लोणी लावताना फाटतो आणि वजनाखाली दबून लगदा होतो. कालचा ब्रेड सर्वांत चांगला. पाकिटातला साधा ब्रेड चालतोच, पण पेठांतल्या किंवा कॅम्पातल्या एखाद्या बेकरीत न कापलेला ब्रेड मिळाला तर तो आणा आणि घरी दात्यांच्या सुरीने साधारण एक सेंटिमीटर जाडीचे स्लाइस करा. त्याहून पातळ स्लाइस सारणाच्या ओलाव्याने खचतो आणि दीड सेंटिमीटरपेक्षा जाड घेतला तर तोंडात नुसता ब्रेडच येतो. गव्हाचा ब्रेड भाजायला थोडा जास्त वेळ घेतो. मुळातच तो तपकिरी असल्याने रंगावरून अंदाज चुकतो, तिथे हाताने दाबून बघा.

ब्रेड फ्रीजमध्ये ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. फ्रीजच्या तापमानाला ब्रेडमधला स्टार्च उलट लवकर कडक होतो. उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर डब्यात ठेवलेला बरा. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, बुरशी पटकन धरते, तेव्हा जास्तीचा ब्रेड फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तेवढे स्लाइस आधी काढून ठेवा. फ्रीजमध्ये ठेवल्याने कडक झालेला ब्रेड टाकून देऊ नका. तापवल्यावर तो पुन्हा मऊ होतो, त्यामुळे टोस्टसाठी अगदी चालतो. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र अख्खा पुडा टाका, तेवढाच कोपरा काढून उरलेला वापरू नका.

चटणी घट्टच हवी

गाडीवरच्या सँडविचची चव बरीचशी चटणीत असते. घरी ती पातळ होते आणि तिथेच सगळं बिघडतं.

कोथिंबिरीची एक मध्यम जुडी निवडून, धुऊन, पंचावर पसरून कोरडी करा. ही कोरडी करायची पायरी गाळू नका. तीत पुदिन्याची दहा-बारा पानं, तीन-चार हिरव्या मिरच्या, अर्धा इंच आलं, अर्धा चमचा जिरं, अर्धा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे पंढरपुरी डाळं घाला. डाळं ओलावा शोषून चटणीला बांधून ठेवतं. ते नसेल तर मूठभर बारीक शेव किंवा ब्रेडच्या कडा घाला, त्याही हेच काम करतात. पाणी बर्फाचं घ्या, तेही दोन-तीन चमचेच. मिक्सर सलग फिरवू नका, थांबून थांबून फिरवा, म्हणजे चटणी तापून काळपट होणार नाही. अर्ध्या लिंबाचा रस शेवटी, वाटून झाल्यावर घाला. चमच्यावर घेऊन चमचा उलटा केला तरी चटणी पडली नाही, की ती सँडविचला योग्य झाली.

सारण : बटाटा गार हवा, भाज्या कोरड्या हव्यात

तीन मध्यम बटाटे उकडून पूर्ण गार करा. शक्य असेल तर रात्री उकडून ठेवा. गरम बटाटा कुस्करला की चिकट होतो आणि वाफ सोडत राहतो, गार बटाटा किसणीवर मोकळा किसला जातो. कुकरमध्ये बटाटे थेट पाण्यात टाकण्यापेक्षा वरच्या भांड्यात, पाणी न घालता ठेवले तर कमी पाणी पितात.

कढईत दोन चमचे तेलाची मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करा. त्यात ठेचलेली मिरची आणि आलं परता, किसलेला बटाटा आणि मीठ घाला, आणि मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं उघडाच परता. बटाटा कढईच्या तळाला किंचित धरायला लागला की गॅस बंद करा. हे परतणं चवीसाठी जेवढं, तेवढंच पाणी घालवण्यासाठी आहे. लिंबू आणि कोथिंबीर नंतर.

काकडी पातळ कापून चकत्या स्वच्छ कापडावर पसरा आणि वरून कापडानेच टिपून घ्या. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका, फक्त बाहेरचा मांसल भाग घ्या. कांदा आणि ढोबळी मिरची फारसा त्रास देत नाहीत, फक्त पातळ कापा. उकडलेलं बीट आवडत असेल तर ते बटाट्याला लागून ठेवा, म्हणजे रंग ब्रेडपर्यंत पोचत नाही. भाज्यांना मीठ आधी लावू नका. मीठ लागताच काकडी-टोमॅटो पाणी सोडायला लागतात. रचताना, तव्यावर टाकायच्या अगदी आधी मसाला भुरभुरवा, तेवढं पुरे.

मसाल्यासाठी दोन चमचे जिरं, एक चमचा बडीशेप, अर्धा चमचा मिरे, तीन लवंगा आणि इंचभर दालचिनी मंद आचेवर भाजून, गार करून बारीक करा. त्यात एक चमचा पादेलोण आणि एक चमचा आमचूर मिसळा. हा मसाला बाटलीत महिनाभर छान राहतो आणि काकडीच्या कोशिंबिरीवरही बहार आणतो.

तवा कोणता, वजन कसलं

बिडाचा किंवा जाड लोखंडी सपाट तवा असेल तर दुसरं काही शोधू नका. तो हळू तापतो, पण एकदा तापला की ब्रेड ठेवल्यावर लगेच गार पडत नाही. डोशाचा नॉनस्टिक तवाही चांगला, मात्र तो मोठ्या आचेवर रिकामा तापत ठेवू नका. २६० अंशांच्या वर त्याचा थर खराब व्हायला लागतो आणि त्यातून अपायकारक वाफा निघतात. घरात सपाट तवा नसेल आणि विकत घ्यायचाच असेल, तर तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत हातात घेऊन बघा. बुडाखाली तळहात धरून हलवला आणि जड लागला तर घ्या.

बहुतेकांच्या घरी पोळ्यांचा किंचित खोलगट तवा असतो. त्यावर ब्रेड ठेवला की कडा टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो, म्हणून कडा करपतात आणि मध्य पांढरा राहतो. अशा तव्यावर वजन हवंच.

वजन सपाट बुडाचं आणि दीड किलोच्या आत-बाहेर असावं. स्टीलच्या पातेल्यात लिटरभर पाणी भरलं की तेवढं वजन सहज होतं. आता इथे एक बारकी पण फार मोलाची गोष्ट आहे. पातेल्यात गार पाणी भरू नका, उकळतं पाणी भरा. गार पातेलं सँडविचवर ठेवलं की वर येणारी वाफ त्याच्या थंड बुडाला लागते, तिचं पाणी होतं आणि वरचा ब्रेड भिजतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ती इतकी साचत नाही, उलट वरूनही ऊब मिळते आणि चीज लवकर वितळतं. पातेल्याचं बूड घासून स्वच्छ केलेलं असू द्या. दगडी वरवंटा वापरायचा असेल तर तो थेट ब्रेडवर ठेवू नका, खाली एक सपाट ताटली ठेवा.

रचणं

लोणी अर्धा तास आधी बाहेर काढा. थंड लोण्याने ब्रेड फाटतो.

आठही स्लाइसना आतल्या बाजूने लोण्याचा पातळ थर लावा, अगदी कडेपर्यंत. हा थर चवीपुरता नाही, तो चटणी आणि ब्रेड यांच्यामधला बांध आहे. स्निग्ध थरातून ओलावा ब्रेडमध्ये लवकर शिरत नाही. लोण्यावर चटणी. चीज घालणार असाल तर किसून घ्या, आणि ते मधोमध न ठेवता थेट चटणीवर, ब्रेडला लागून पसरा, दोन्ही स्लाइसवर थोडं थोडं. तिथे त्याला आच आधी लागते, ते वितळतं आणि ब्रेड सारणाला चिकटवून ठेवतं. मग कापताना थर घसरत नाहीत. प्रोसेस्ड चीज एकजीव वितळतं, मोझरेला तारा सोडतं. मला या सँडविचमध्ये प्रोसेस्ड चीजच रुचतं, कारण ते चटणीच्या तिखटपणाला सांभाळून घेतं.

त्यावर बटाटा, एक सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. मग टोमॅटो, काकडी, कांदा, मसाला, आणि वर दुसरा स्लाइस. टोमॅटो नेहमी बटाटा आणि काकडीच्या मध्ये, ब्रेडला कधीही टेकवू नका. कडेपासून अर्धा सेंटिमीटर मोकळं सोडा. सारण भरभरून घालायचा मोह आवरा. जाड सँडविच मधोमध तापायच्या आत बाहेरून करपतं.

भाजणं

१. तवा मध्यम-मंद आचेवर तीन-चार मिनिटं तापवा. पाण्याचा एक थेंब टाका. तो चर्रर करून दोन-तीन सेकंदांत उडाला तर आच बरोबर आहे. थेंब मोत्यासारखा गरगर फिरायला लागला तर तवा फार तापलाय, गॅस बंद करून मिनिटभर थांबा.

२. सँडविचच्या बाहेरच्या एका बाजूला लोणी किंवा तूप लावा आणि ती बाजू खाली करून तव्यावर ठेवा. तव्यावर लोणी सोडून त्यात ब्रेड ठेवला तर एक कोपरा सगळं पिऊन टाकतो आणि बाकीचे कोरडे राहतात, म्हणून ब्रेडलाच लावायचं. विकतच्या लोण्यात ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश आणि बाकी मुख्यतः पाणी असतं, शिवाय दुधाचे घन अंश असतात. ते छान रंग देतात, पण करपतातही लवकर. तुपात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे कुरकुरीतपणा जास्त. मी दोन्ही समान मिसळून लावतो, त्यात रंगही मिळतो आणि करकरीतपणाही. घरचं ताजं पांढरं लोणी बाहेरून लावू नका, त्यात ताकाचा अंश बराच असतो. आतून लावायला ते अप्रतिम.

३. पहिलं मिनिटभर वजन न ठेवता नुसतं भाजू द्या, म्हणजे खालचा ब्रेड थोडा सावरतो. मग गरम पाण्याचं पातेलं अलगद ठेवा. दाबू नका, त्याच्या वजनाने जेवढं दबेल तेवढं पुरे.

४. अडीच-तीन मिनिटांनी पातेलं उचलून उलथन्याने एक कोपरा वर करून बघा. सगळीकडे सारखा सोनेरी रंग हवा. एकीकडे जास्त झालं असेल तर सँडविच जागच्या जागी अर्धं फिरवा, कारण बर्नरची ज्योत तव्याला सगळीकडे सारखी लागत नाही.

५. वरच्या बाजूला लोणी-तूप लावा, उलटा, पुन्हा पातेलं ठेवा. दुसरी बाजू लवकर होते, दोन-अडीच मिनिटं.

६. शेवटचं अर्धं मिनिट वजन काढून टाका आणि आच किंचित वाढवा. राहिलेली वाफ निघून जाते. या टप्प्यावर झाकण अजिबात नको.

७. खाली काढल्यावर सपाट ताटलीत ठेवू नका. पापड भाजायची जाळी ओट्यावर ठेवून तिच्यावर काढा, किंवा दोन सँडविच एकमेकांना टेकवून उभी करा. गरम सँडविच ताटलीवर आडवं ठेवलं की खालची वाफ तिथेच अडकते आणि इतक्या मेहनतीने आणलेली कुरकुरीत बाजू मऊ पडते. मिनिटभराने दात्यांच्या सुरीने, करवतीसारखं ओढत, तिरकं कापा.

दुसरं सँडविच टाकण्याआधी तव्यावरचे करपलेले कण फडक्याने पुसा आणि आच कमी करा. तवा आता पहिल्यापेक्षा जास्त तापलेला असतो.

दोन तव्यांची पद्धत

घरात पोळीचे दोन सारखे तवे असतील तर खोलगटपणाची अडचण उपयोगी पडते. वरच्या तव्याच्या बुडाचा फुगवटा खालच्या तव्याच्या खोलात नेमका बसतो. दोन्ही तवे दोन बर्नरवर तापवा, खालच्यावर सँडविच ठेवा आणि वरचा तवा सांडशीने उचलून त्यावर ठेवा. वरच्या तव्याचं बूड काजळीने माखलेलं नसावं, नाहीतर मध्ये बटर पेपर घाला. दोन्ही बाजू एकदम भाजल्या जातात, तीन मिनिटांत काम होतं, आणि चार माणसांचं करायचं असेल तेव्हा ही पद्धत वेळ वाचवते. गरम तवा उचलताना शेजारी लहान मूल उभं नको.

इंडक्शनवर

सपाट बुडाचा लोखंडी किंवा बिडाचा तवा इंडक्शनवर चालतो, ॲल्युमिनियमचा साधा तवा चालत नाही. पॉवर कमीत कमीच्या जवळ ठेवा. बऱ्याच शेगड्या कमी पॉवरला सलग न तापता मधूनमधून चालू-बंद होतात, त्यामुळे पातळ तव्यावर ब्रेडला मधोमध काळं वर्तुळ पडतं. जाड तव्यात हे चढउतार जिरून जातात. तवा तापायला पाच मिनिटं द्या.

खोलीवर शेगडीची परवानगी नाही म्हणून काही जण फॉइलमध्ये सँडविच गुंडाळून त्यावर इस्त्री फिरवतात. ते करू नका. वितळलेलं लोणी इस्त्रीच्या वाफेच्या छिद्रांत आणि वायरपर्यंत पोचू शकतं, आणि पेटती इस्त्री आडवी ठेवून दुसरीकडे बघण्याची चूक एकदाच होते.

पापडाच्या जाळीवर थेट ज्योतीत नुसता ब्रेड छान भाजतो, पण भरलेलं सँडविच नाही. लोणी ज्योतीत ठिबकतं, भडका उडतो आणि सारण थंडच राहतं.

कडा बंद करायच्या असतील तर

यंत्रातल्यासारखं चारी बाजूंनी बंद सँडविच मुलांना आवडतं. त्यासाठी मात्र ताजा, मऊ ब्रेड लागतो, शिळा चिकटत नाही. मधोमध थोडंच सारण ठेवा, कडांना पाण्याचं बोट फिरवा, दुसरा स्लाइस ठेवा आणि पातळ काठाची स्टीलची वाटी उपडी घालून जोराने दाबत फिरवा. गोल कापलाही जातो आणि कड बंदही होते. उरलेल्या कडा वाळवून मिक्सरला लावा, कटलेटला घोळवायला होतील.

कालच्या उरलेल्यातून

कालच्या पिठल्याचं सँडविच हे मला बटाट्याच्या सँडविचहून आवडतं. घट्ट पिठलं रात्रभर फ्रीजमध्ये वडीसारखं बसतं, त्याचे पातळ काप निघतात. ब्रेडला लोणी, त्यावर लसणाची कोरडी चटणी, पिठल्याचे काप आणि बारीक चिरलेला कांदा. पाणी सुटायचं कारणच नाही, त्यामुळे ते भाजायला सर्वांत सोपं आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने खरं तर यानेच हात बसवावा.

मटकीची उसळ उरली असेल तर रस निथळून, कढईत कोरडी परतून, पळीने ठेचून घ्या. पुरीबरोबरची बटाट्याची भाजी तशीच भरता येते. गोड हवं असेल तर साय आणि साखर, पण साखर कडेबाहेर येऊ देऊ नका, तव्याला लागली की लगेच करपते. आच अगदी मंद.

डब्यात द्यायचं असेल तर

डब्यासाठी काकडी-टोमॅटो वगळा आणि चटणी नेहमीपेक्षा कमी लावा. सँडविच जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, किमान पंधरा मिनिटं. घाईच्या सकाळी हेच टाळलं जातं आणि मग मधल्या सुट्टीत डबा उघडल्यावर मऊ ब्रेड निघतो. गरम सँडविच फॉइलमध्ये गुंडाळू नका. गार झाल्यावर बटर पेपरमध्ये किंवा सुती रुमालात गुंडाळून डब्यात ठेवा, सॉस वेगळ्या छोट्या डबीत. सारण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी फक्त रचायचं आणि भाजायचं काम उरतं, मात्र थंड सारणामुळे प्रत्येक बाजूला मिनिटभर जास्त लागेल, तेवढी आच कमी करा.